मासळीच्या आकड्यांचा आलेख मच्छीमार सोसायटीच्या सभेत कसा मांडू, म्हणजे लोक लक्ष देतील?

एका आलेखात एकच गोष्ट सांगा आणि ती मथळ्यातच लिहून टाका: ‘महिनावार मासळी’ नको, ‘ऑक्टोबरात बांगडा निम्म्यावर’ असं (आकडे तसे असतील तरच!). बांगड्याची रेघ गडद, सुरमई-पापलेट फिकट राखाडी. सगळेच रंग भडक दिले की नजर कुठेच ठरत नाही. जून-जुलैच्या खड्ड्यावर हमखास पहिला प्रश्न येतो, म्हणून पावसाळी मासेमारी बंदीचा 1 जून ते 31 जुलै हा पट्टा रंगवून त्यावर ‘बंदी’ लिहा. अशा सभांसाठी तक्ते करतो, त्यावरून सांगतोय. मात्र वादळाच्या आठवड्यात आकडा पडला म्हणून मासळीच कमी झाली असं ठोकून देऊ नका. होड्या किती दिवस बाहेर गेल्या ते आधी बघा.