कोळ्याचे जाळे कुणी विणले?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात राहणारा, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा वाचक आहे. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आणि मँड्रेक यांनी मला वाचनाची गोडी लावली. पुढे बोटीवर नोकरीला असलेले माझे मामा प्रत्येक सुट्टीत स्पायडर-मॅन आणि बॅटमॅनचे इंग्रजी अंक आणू लागले. ते अंक अजून माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत आहेत आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू नये म्हणून दर वर्षी मे महिन्यात मी त्यांना ऊन दाखवतो. या नायकांवरचा नवा चित्रपट लागला की चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन मी पणजी गाठतो. पण परतताना मांडवीचा पूल ओलांडायच्या आत माझी कुरकुर सुरू होते : हे असे नव्हते, ते तसे नव्हते. परवा घरी २००२ सालचा ‘स्पायडर-मॅन’ पाहताना नायकाच्या मनगटातून जाळे आपोआप निघाले आणि आमची खडाजंगी झाली. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला आवडतच नाही, तर पाहता कशाला?’ मला उत्तर देता आले नाही. पाहिल्याशिवाय राहवत नाही आणि पाहून समाधान होत नाही, यात दोष माझा की चित्रपटांचा?

उत्तर : आधी जाळ्याचा निकाल लावू. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी जो पीटर पार्कर रंगवला, तो कोळी चावल्यामुळे भिंतीवर चढू शकतो. परंतु जाळे त्याला कोळ्याकडून मिळत नाही. ते चिकट रसायन आणि मनगटावरचे यंत्र तो स्वतः तयार करतो, आणि म्हणूनच पुढे ऐन मारामारीत रसायन संपते तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो. आपल्या मुलीचा युक्तिवाद आपण लिहिलेला नाही, पण तो काय असणार हे कळते : कोळ्याचे बाकीचे गुण अंगात आले, मग जाळेच तेवढे का येऊ नये? युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही या मुद्द्यावर माझे मत आपल्या बाजूला पडते, कारण मनगटातून जाळे निघणाऱ्या मुलाला सगळी शक्ती आयती मिळालेली असते, तर ते घरी बनवणाऱ्या मुलाने तिच्यातला निदान अर्धा वाटा कमावलेला असतो. वर्गात ज्याला कोणी विचारत नाही अशा अभ्यासू मुलाची ही गोष्ट आहे आणि त्याचा अभ्यास कामाला येतो तो इथेच. २०१२ आणि २०१७ च्या चित्रपटांनी ते यंत्र परत आणले, हे आपण मुलीला सांगितले नसावे. भांडण जिंकण्याची आयती संधी आपण घालवलीत.

कुरकुर करायचीच असेल, तर मात्र ती याहून मोठ्या बदलाची करावी. सामर्थ्याबरोबर जबाबदारीही येते, हे सर्वतोमुखी झालेले वाक्य २००२ च्या चित्रपटात बेनकाका गाडीत बसून पुतण्याला ऐकवतात. मूळ अकरा पानी कथेत ते काकांच्या तोंडी नाहीच. काकांचा खून झालेला आहे, ज्या चोराला आपण हाताशी असून जाऊ दिले तोच खुनी निघाला हे मुलाला कळले आहे, आणि शेवटच्या चौकटीत ती किरकोळ आकृती एकटीच अंधारात चालली आहे. ते वाक्य तिथल्या निवेदनात येते. चित्रपटातला मुलगा काकांचा उपदेश उशिरा आठवतो, कथेतल्या मुलाला उपदेश करायला कोणी नव्हतेच. माझ्या मते जाळ्यापेक्षा हा बदल कितीतरी खोल आहे, आणि गंमत म्हणजे त्यावर भांडताना मी फारसे कोणाला पाहिलेले नाही.

आपल्या असमाधानाचे आणखी एक कारण कथानकात नसून वाचण्याच्या क्रियेत आहे. १९७३ च्या ज्या अंकात पुलावरून कोसळणाऱ्या ग्वेनला, म्हणजे आपल्या प्रेयसीला, स्पायडर-मॅन जाळे टाकून झेलतो, तिथे तिच्या मानेशेजारी मोडल्याचा आवाज दाखवणारा एक इवलासा शब्द छापलेला आहे. पहिल्या वाचनात तो नजरेतून निसटतो. मग ती गेली हे कळते, वाचक पाने मागे उलटतो, तो शब्द त्याला सापडतो आणि तिला वाचवणाऱ्या जाळ्यानेच तिचा जीव घेतला की काय, या शंकेने तो त्या चौकटीवर खिळून राहतो. किती वेळ राहायचे हे तो ठरवतो. चित्रपटगृहात हा वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो. २०१४ च्या चित्रपटाने याच प्रसंगात जाळ्याच्या टोकाला पसरलेल्या हाताच्या पंजाचा आकार दिला. हे कागदावर नव्हते आणि ते सुरेख आहे, पण ते डोळ्यांसमोरून जाते आणि संपते. पेटीतल्या अंकाकडून आपण जे घेता, ते पणजीच्या तिकिटावर मिळणार नाही.

आता आपल्याला न रुचणारे थोडे बोलतो. ज्या वेताळावर आपण वाढलात, तो तरी अस्सल कुठे होता? ली फॉक यांचा फँटम १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून रोज काही चौकटींच्या पट्टीत येऊ लागला. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल सुरू केले, तेव्हा त्या पट्ट्या कापून, जुळवून पुस्तकाच्या पानांत बसवल्या गेल्या. बंगालची आठवण करून देणारे त्याच्या देशाचे नाव ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ नावाचे चाचे ‘सिंगा’ झाले, आणि मराठीत तर त्या नायकालाच वेताळ हे नाव मिळाले. आमोण्याचा वेताळ आपल्याच तालुक्यातला. रात्री गावाची राखण करत हिंडणाऱ्या या देवाच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची रीत आपल्याला ठाऊक असेलच. डिचोलीतला एखादा मुलगा दिवेलागणीनंतर इंद्रजाल वाचताना त्याच्या कानात कोणाची पावले वाजत असतील, हे त्या अमेरिकी लेखकाच्या स्वप्नातही आले नसेल. ते रूपांतर आपल्याला रुचले, कारण ते आपल्या हाती लहानपणी पडले. मुलीच्या लहानपणी तिच्यासमोर पडदा आला.

पेडण्याकडच्या जत्रांतून दशावतारी काला पाहणारा प्रेक्षक या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. तिथे संहिता लिहिलेली नसते. कथा पुराणातली आणि संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. पहाटे घरी परतताना ‘गेल्या वर्षीचा दुर्योधन बरा होता’ असे म्हातारी माणसे बोलतात, पण त्यांच्या लेखी महाभारत बिघडलेले नसते. ही तुलना मी पुरती ताणणार नाही, कारण दुर्योधन कोणत्याही मंडळीला उभा करता येतो आणि सुपरमॅनचा मालक ठरलेला आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क प्रकाशक कंपनीला १३० डॉलरला दिले आणि पुढे त्यांचे नावही त्याच्यापासून तोडले गेले. १९७५ मध्ये मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असतानाच सीगल यांनी जाहीर तक्रार केली, इतर चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेर दोघांना वार्षिक मानधन व श्रेय मिळाले. चित्रपटाचा गाजावाजा नसता, तर कंपनीला इतकी लाज वाटली असती असे मला वाटत नाही. म्हणून ‘चित्रपटांनी कॉमिक्सचे वाटोळे केले’ हे सरसकट विधान मला मान्य नाही.

राहिला आपला दोष. जे नायक एके काळी मामांच्या बॅगेतून फक्त आपल्यासाठी उतरत होते, ते आता शाळेच्या दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर दिसतात, ही बोच आपल्या पत्रात लिहिलेली नाही, पण आहे. तिला असूया म्हणतात आणि ती मलाही होते. पुढच्या खेपेस पूल ओलांडेपर्यंत मुलीला बोलू द्या. मग घरी ती अकरा पानी कथा तिच्या हातात ठेवा, पुनर्मुद्रित संग्रहांतून ती सहज मिळते, आणि तिची शेवटची चौकट वाचून होईपर्यंत काही सांगू नका.

प्रश्न : मी फोंड्यातील महाविद्यालयात शिकतो. चित्रपट पाहून मी बॅटमॅनची कॉमिक्स वाचू लागलो. मित्र म्हणतात की चित्रपटांतून आलेला वाचक हा खरा चाहता नव्हे. त्यांना काय सांगावे?

उत्तर : १९३९ मध्ये बॅटमॅन घडवताना त्याचा कानांचा मुखवटा, झूल आणि करडा पोशाख कोणी सुचवला, एवढेच त्यांना विचारावे. ते बिल फिंगर. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही निर्माता म्हणून अधिकृत नाव एकट्या बॉब केन यांचेच छापले जात होते. फिंगर यांना श्रेय देण्याचे २०१५ मध्ये ठरले आणि मोठ्या पडद्यावर ते २०१६ मध्ये झळकले. तेव्हा आपल्या मित्रांपैकी किती जण श्रेयनामावली वाचत बसले होते, तेही जाता जाता विचारून घ्या.