ज्याचं काम झालं, त्याला विचार

चि.स अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुमच्या वाचनालयाच्या समाजकार्याच्या पुरस्कारांसाठी आलेले अकरा प्रस्ताव, द्यायचे पुरस्कार तीन, सभागृहाचं भाडं देणाऱ्या गृहस्थांनी सुचवलेला त्यांचा भाचा, आणि शेवटच्या ओळीत ‘मी चिटणीसपद सोडून देऊ का?’ सोडू नकोस. हा प्रश्न पुन्हा विचारूही नकोस.

तू पाठवलेल्या झेरॉक्स मी दोनदा वाचल्या. अकराही फायलींत कात्रणं आहेत, हार घातलेले फोटो आहेत, चार-पाच फायलींत लोकप्रतिनिधींच्या लेटरहेडवरची शिफारसपत्रं आहेत. ज्याच्यासाठी ते काम झालं, त्या माणसाची एक ओळ मात्र एकाही फायलीत नाही. तुला निवड करता येत नाही याचं कारण हेच आहे. तू फायली एकमेकींशी ताडून बघते आहेस. त्यात जिंकतो तो बायंडिंग चांगलं केलेला माणूस.

तर पहिलं आणि शेवटचं सांगतो: ज्याचं काम झालं, त्याला विचार. करणाऱ्याला नको, सुचवणाऱ्याला तर नकोच नको.

तो रक्तदानवाला मुलगा घे. वय 29, ‘75 वेळा रक्तदान’. साधा हिशेब मांड. रक्तदान अठराव्या वर्षापासून करता येतं, आणि पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये किमान 90 दिवस थांबावं लागतं, बाईला 120. म्हणजे वर्षाला फार तर चार, अकरा वर्षांत 44-45. मग 75 कुठून आले? लगेच खोटारडा ठरवू नकोस. नुसते प्लेटलेट मशीनवर देता येतात, त्यात 48 तासांचं अंतर चालतं आणि वर्षाला 24 वेळांपर्यंत मुभा आहे. तो दोन्ही मिळून सांगत असेल. किंवा त्याने भरवलेली शिबिरं स्वतःच्या खात्यात धरली असतील, हेही फार होतं. रक्तपेढीची कार्डं माग, तारखा वहीत उतरव, बेरीज तूच कर. पण तेवढ्यावर थांबू नकोस. रक्त कुणाला मिळालं? थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यांच्या आयांना नेमका कोण येतो आणि कोण नुसता फोटोपुरता येतो हे तोंडपाठ असतं. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, पेढीचा फ्रीज रिकामा असतो. तेव्हा हा मुलगा येतो का, एवढं त्या आयांना विचार. 75 आहेत की 31, हा प्रश्न मग आपोआप मागे पडेल.

‘5 हजार झाडं लावली’ या फायलीचंही तसंच. तीन मीटरवर एक झाड धरलं तर एकरात साधारण साडेचारशे बसतात. पाच हजारांना अकरा एकर हवेत. कुठे आहेत? मियावाकी पद्धतीने दाट लावली असतील, चौरस मीटरला तीन, तर सोळा-सतरा गुंठ्यांत मावतील, पण मग तसं सांगायला हवं. ऑगस्टमध्ये बघायला जाऊ नकोस, ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच झाडं हिरवी असतात. एप्रिल-मेमध्ये जा. तुमचा कार्यक्रम डिसेंबरात आहे, म्हणजे या वर्षी ते शक्य नाही. मग ही फाईल पुढच्या वर्षावर ढकल आणि समितीला कारण लेखी दे. आणि तिथे गेलीस की शेजारच्या शेतकऱ्याला विचार, पाणी कोण घालतं. बरेचदा उत्तर निघतं, ‘एक म्हातारा येतो दोन हंडे घेऊन.’ मग पुरस्कार त्या म्हाताऱ्याचा आहे.

सर्पमित्राच्या फाईलमध्ये नाग गळ्यात घातलेला फोटो असेल तर ती बाजूला ठेव. चर्चा नको. वनखात्याकडे नोंद करून मुकाट्याने साप सोडून येणारा माणूस असा फोटो काढत नाही. आपण त्या फोटोला शाल घातली की पुढच्या वर्षी गावातली दहा पोरं फण्याला हात लावणार.

आता त्या डबेवाल्या बाईंबद्दल. तुझ्या पत्रातली त्यांच्याविषयीची दीड ओळ मला बाकी सगळ्या पत्रापेक्षा महत्त्वाची वाटली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज डबा पोचवतात, फाईल नाही, कात्रण नाही, प्रस्ताव एका वहीच्या पानावर आलाय, आणि समितीत कुणीतरी म्हणालं की ‘पुरावा काय?’ पुरावा तू गोळा करायचा आहेस. तुमच्या अर्जावर ‘कागदपत्रे जोडा’ असं छापलंय, त्यामुळे कागद जमवायला वेळ असलेली माणसंच तुमच्यापर्यंत पोचतात. पुढच्या वर्षीपासून तो रकाना काढ. त्याजागी लिही: ‘ज्यांना या कामाचा उपयोग झाला अशा तिघांची नावं आणि पत्ते.’ बास.

त्या तिघांकडे जाताना प्रस्ताव देणाऱ्याला बरोबर घेऊ नकोस, आणि आधी फोन करून जाऊ नकोस. म्हाताऱ्यांना भेटायचं तर सकाळी साडेदहा-अकराला जा, डबा यायच्या आधी. ‘बाई कशा आहेत?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला सगळे ‘देवमाणूस’ म्हणतात. बारीक विचार. डबा किती वाजता येतो? परवा धो धो पाऊस होता, तेव्हा आला का? बाई आजारी पडल्या तर कोण आणतं? पैसे घेतात का, किती? पोळ्या किती असतात, मीठ कमी कुणासाठी घालतात? खरं काम असेल तिथे माणसं तक्रार करतात. ‘येतात हो, पण डबा धुऊन ठेवला नाही की ओरडतात’, ‘भाजी रोज तीच’. अशी तक्रार ऐकलीस की वहीत खूण कर. तक्रार रोजच्या संबंधातूनच येते. उलट तीन घरांत तेच तीन गोड शब्द त्याच क्रमाने ऐकू आले तर समज, तुझ्या आधी कुणीतरी येऊन गेलंय. भेट अर्ध्या तासाची. घरी येऊन नव्हे, जिन्यात बसूनच टिपण लिही. दोन घरं झाली की कोण काय म्हणालं याची सरमिसळ होते.

‘आशाताईंना, सफाई कामगारांना पुरस्कार कशाला, ते पगार घेतात’ हेही समितीत निघेलच. आशांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, हे आधी सांग. मग पुन्हा तेच: ज्या घरी त्या रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन गेल्या, त्या घराला विचार. पगाराच्या पलीकडे काय झालं ते त्या घराला माहीत असतं.

समिती पाच जणांची ठेव, सात नको. सातांत दोघे कधीच येत नाहीत आणि शेवटच्या बैठकीला येऊन सगळं उलटवतात. एक जण बाहेरगावचा, एक आधी पुरस्कार मिळालेला. प्रायोजक समितीत नाही. त्यांचं नाव बॅनरवर हवं तेवढं मोठं छापा, बैठकीच्या खोलीत मात्र ते नकोत. तो भाचा पात्र असेलही. मग त्याच्याही तीन माणसांकडे जा, त्याच प्रश्नांनिशी, आणि टिपण समितीपुढे ठेव. ज्या सदस्याचा नातेवाईक यादीत आहे त्याने त्या नावाच्या वेळी खोलीबाहेर जायचं, आणि ‘बाहेर गेले’ असं इतिवृत्तात लिहायचं. राग येईल. येऊ दे. इतिवृत्तातल्या त्या एका ओळीमुळे पुढची पाच वर्षं भांडणं टळतात.

स्वतःचं नाव स्वतः पाठवणाऱ्यांवर तुझ्या अध्यक्षांचा आक्षेप दिसतो. मला तो पटत नाही. पद्म पुरस्कारांनाही स्वतःचं नाव स्वतः पाठवता येतं, तिथे फक्त 800 शब्दांची मर्यादा आहे. लाजऱ्या माणसाला सुचवणारं कुणी नसतं, आणि बढाईखोर तीन घरांच्या चौकशीत उघडा पडतोच.

आणि कुणीच बसत नसेल तर पुरस्कार देऊ नका. तिनांतला एक रिकामा ठेवा, दोन ठेवा. सभागृह घेतलंय, पत्रिका छापायच्यात, देणगीदार दुखावतील, ही सगळी कारणं मला पाठ आहेत. त्या संध्याकाळी व्याख्यान ठेवा. माझ्या या हट्टापायी देणगीदार गेले असं म्हणणारे तुझ्या वाचनालयातच बसलेले असतात. गेले असतील. पण ज्याला द्यायचा त्याला नाकारलं असं आजवर कुणी मला दाखवून दिलेलं नाही. उशीर झाला, तो वेगळा मुद्दा. तो दोष मी घेतो. मानपत्रावर ‘मरणोत्तर’ लिहावं लागलं की निम्मा अपराध समितीचा असतो, आणि तसे कागद माझ्या सहीचेही आहेत. म्हणून सत्तरीच्या पुढचं नाव चौकशीत खरं ठरलं की ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही.

मानपत्र. हे काम कवीकडे देऊ नकोस. ‘दीनदुबळ्यांचे कैवारी, सेवेचा अखंड नंदादीप’ असली वाक्यं कुणालाही लागू होतात, म्हणून ती कुणाचीच नसतात. दीडशे ते एकशेऐंशी शब्द, म्हणजे मोठ्याने वाचायला पावणेदोन मिनिटं. त्यात काळ, जागा, आकडा आणि ज्याचं काम झालं त्याच्या तोंडचं एक वाक्य. ‘डबा धुऊन ठेवला नाही की ओरडतात’ हे वाक्य मानपत्रात घाल. सभागृह हसेल, आणि त्या बाईंना कळेल की ही माणसं खरोखर आपल्या आळीत येऊन गेली.

छापण्याआधी त्यांना फोन करून दोन गोष्टी विचार. पुरस्कार घेणार का? काही जण नको म्हणतात आणि तो त्यांचा हक्क आहे, पत्रिका छापल्यावर कळलं तर फजिती तुमची. आणि नाव कसं लिहू? आईचं नाव लावतात का, आडनाव नको आहे का, माहेरचं की सासरचं. मसुदा घरच्यांना दाखव. छपाईत सगळ्यात मोठा घोळ फॉन्टचा होतो. तू युनिकोडमध्ये टाइप करून देतेस, डीटीपीवाला त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला अर्धा र गायब होतो किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. शेवटची पीडीएफ मोबाईलवर नाही, कागदावर काढून, ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घे. चौकटीला काच नको, ॲक्रिलिक घाल. ए-थ्री मापाची काच सत्तरीच्या बाईंच्या हातात द्यायची आणि एसटीने घरी न्यायला लावायची, हा सन्मान नव्हे.

पैशांचं सांगतो. धनादेशावरचं नाव पासबुकाप्रमाणे हवं. बायकांच्या बाबतीत इथे हमखास चुकतं, खातं माहेरच्या नावाने असतं. धनादेश तीन महिन्यांत वटवावा लागतो आणि पुष्कळ जण तो देवघरात ठेवून देतात. त्यापेक्षा त्याच आठवड्यात खात्यावर जमा करा. तो पुठ्ठ्याचा भलामोठा चेक आणलात तर मी येणार नाही.

स्मृतिपुरस्काराची ठेव घेताना सावध राहा. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पाच हजारांच्या ठेवीचं आजचं व्याज तीन-साडेतीनशे रुपये, त्यात शालही येत नाही. आणि ‘आमच्या ज्ञातीतील व्यक्तीस’ अशी अट असेल तर ठेव नम्रपणे परत कर.

कार्यक्रमात घड्याळ बिघडवतात ते पाहुणे. व्यासपीठावर चौदा जण, प्रत्येकाच्या शाल-श्रीफळाला दीड मिनिट, म्हणजे एकवीस मिनिटं गेली आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ते खाली तिसऱ्या रांगेत. उलटं कर. पुरस्कारार्थी व्यासपीठावर मध्ये, पाहुणे कडेला. एका पुरस्काराला दहा मिनिटं: मानपत्र दोन, सन्मान एक, त्यांचं बोलणं सात. बोलायचं नसेल तर ज्याचं काम झालं त्याला बोलू दे. हे मी कितव्यांदा लिहितोय, पण लिहितो. पाहुण्यांना शेवटी पुस्तक द्या. पायऱ्यांना कठडा आहे का, आधी स्वतः चढून बघ. दुपारचा कार्यक्रम उघड्यावर कधीच नको. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली, त्यापुढे वेगळं काही सांगायला नको. रात्री दहाला स्पीकर बंद, म्हणून सहाची वेळ छापा आणि सहालाच सुरू करा.

पद्म पुरस्कार नावाच्या आधी-नंतर लावायचा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘समाजभूषण’ छापतात. तुमच्या पत्रात एक ओळ घाला, ‘कृपया उपाधी म्हणून वापरू नये’. ऐकतील न ऐकतील. शिवाय ‘तुमची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असे फोन तुमच्या पुरस्कारार्थींना नंतर येऊ लागतील. त्यांना आधीच सांगून ठेव की पैसे मागणारा पुरस्कार घ्यायचा नसतो.

आता सोमवारी तीन घरं. छोटी वही, दोन पेनं. डब्याच्या आधी पोच, आणि डबा आला की झाकण उघडून आत काय आहे तेही लिहून घे. मंगळवारी रक्तपेढीत जा, बारानंतर, सकाळी त्यांना घाई असते. टिपणं झाली की मला टाइप न करता, आहेत तशीच पाठव.

तुझा,
काका