वाचक विचारतात : हर्णै, सुवर्णदुर्ग आणि भरतीचं गणित

प्रश्न : डिसेंबरात एका दिवसात हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव आणि सुवर्णदुर्ग, दोन्ही पाहायचं आहे. सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत. दापोलीहून किती वाजता निघावं? (कराड)

उत्तर : घड्याळाआधी पंचांग पाहा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचा. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

किल्ल्यावर पक्क्या धक्क्याच्या भरवशावर जाऊ नका. होडी वाळूला लावतात आणि पाण्यातच उतरावं लागतं. भरतीच्या सुमारास होडी बरीच आत येते, पिंडरीभर पाण्यात काम भागतं. ओहोटीला ती लांब थांबते, मधले खडक उघडे पडतात, शेवाळावरून पाय सटकतो. अष्टमीला भरदुपारी गेलात तर नेमकं हेच वाट्याला येईल. द्वादशी मिळाली तर उत्तम : आठला होडीत, साडेदहापर्यंत परत, जेवण, मग चारनंतर लिलाव. पुनवेला-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते खरी, पण उधाणाचं पाणी ओढतं. वयस्कर माणसांसाठी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी असलेले दिवस बरे.

होडीवाल्याशी भाडं जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून ठरवा. गडावर दीड तास लागतो. पिण्याचं पाणी घरचं न्या.

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर स्पष्टच सांगतो, त्यांना होडीत चढवू नका. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरून सुवर्णदुर्गाचा तट छान दिसतो. शेजारच्या फत्तेगडावर आज कोळ्यांची वस्ती आहे, तिथे घरांत डोकावत फोटो काढू नयेत.

प्रश्न : गडावर नक्की काय पाहावं? (नाशिक)

उत्तर : महादरवाजा. तो पूर्वेला, हर्णैच्या बाजूला आहे. पायरीवर कासव कोरलंय, तटावर मारुती. घाईत दोन्ही सुटतात. पश्चिमेला समुद्राकडे चोरदरवाजा आहे. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या इंग्रजी आरमाराने पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे.

प्रश्न : लिलावातली सुरमई पुण्यापर्यंत टिकेल का? (पुणे)

उत्तर : टिकेल, पण बर्फात कंजुषी नको. किलोभर मासळीला किलोभर बर्फ, तोही भुगा. मोठ्या लाद्यांमध्ये पोकळी राहते आणि तिथला मासा तापतो. पोट साफ करून घ्या. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ. पेटीला तळाशी भोक ठेवा, नाहीतर वितळलेल्या पाण्यात मासा पांढरट आणि लिबलिबीत होतो. सुरमई-बांगडा तासन्‌तास उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि अंगावर पित्त उठतं. बोंबील एवढ्या लांब नेऊच नका.

लिलावात टोपल्याच्या टोपल्या जातात. घरापुरती मासळी बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्या. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावासाठी जाऊ नका.