सगळे एकदम का जेवत नाहीत?

प्रिय सई,

तू विचारलंस, सोलापूरच्या घरी टेबल एवढं लांबलचक आहे, माणसंही सगळी घरातच असतात, मग सगळे एकदम का जेवत नाहीत? आणि आजी आणि काकू रोज शेवटीच का बसतात? संक्रांतीला तू तिकडे राहायला जाणार आहेस, म्हणून फोनवर न सांगता नीट लिहूनच पाठवतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर भाकरीत आहे. दुसऱ्याचं अर्धं भाकरीत आणि अर्धं आपल्या लोकांच्या सवयीत. त्या सवयीची बाजू मी घेणार नाही.

आधी ज्वारी समजून घे. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, फेब्रुवारी-मार्चात काढतात. मधल्या दिवसांत पाऊस फारसा नसतो, काळ्या रानात मुरलेल्या ओलीवरच पीक येतं. यातली मालदांडी नावाजलेली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा टपोरा, पांढरा, भाकरी गोडसर. पण ज्वारीत ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेला ताण सहन होतो तो ग्लुटेनमुळे. ज्वारीचं पीठ ताणलं की तुटतं. म्हणून भाकरी सहसा लाटत नाहीत, थापतात. पोळ्यांची कणीक एकदाच तिंबून ठेवता येते, तसं इथे चालत नाही. मळलेला गोळा पडून राहिला की वाळतो आणि थापताना चिरतो. एका वेळी एक, फार तर दोन भाकरींचंच पीठ मळायचं.

काकूच्या शेजारी उभी राहून नीट बघ. काठवटीत वाटीभर पीठ, त्यात कढत पाणी थोडं थोडं घालत ती तळहाताच्या टाचेने रगडते. कढत पाण्याने पिठाला चिकटपणा येतो, गार पाण्यात तो येत नाही. गोळा मऊ झाला की काठवटीत कोरडं पीठ भुरभुरून त्यावर थापते. बोटांनी कडा पातळ करत नेते आणि दाब देतानाच भाकरी फिरवते. कडेला चिरा पडल्या तर एक तर मळणं कमी पडलंय, नाही तर पीठ जुनं आहे. दळून आठ-दहा दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग कितीही रगडा, भाकरी थापताना तुटणार. म्हणून त्या घरात एवढी माणसं असूनही दळण एकदम मोठं आणत नाहीत.

भाकरी तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर येते. त्यावर लगेच ओला हात फिरवायचा, म्हणजे सगळीकडे सारखं पाणी लागतं. ते पाणी पुरतं वाळायच्या आत भाकरी उलटायची. वाळू दिलं तर वरचा पापुद्रा तडकतो, आणि फार घाई केली तर ओली बाजू तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजली की भाकरी तव्यावरून उचलून थेट विस्तवावर. आतल्या वाफेने पापुद्रा सुटतो, भाकरी फुगते. नखाएवढं भोक पडलं असलं तरी वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी बसकी राहते. चुलीवर हेच काम तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर होतं, तव्यावर तोवर पुढची भाकरी पडलेली असते. गॅसवर दोन शेगड्या अडकतात: एकीवर तवा, दुसरीवर फुगवणं.

आता हिशेब कर. सरावाच्या हाताला एका भाकरीमागे साधारण 2 मिनिटं लागतात. 20 माणसं एकदम बसली आणि तवा एकच असला, तर शेवटच्या माणसाच्या ताटात पहिली भाकरी पडायला 40 मिनिटं जातील. तोवर पहिल्याची आमटी गार. आधी सगळ्या भाकरी करून ठेवाव्यात म्हटलं तर त्या दुरडीत एकमेकींच्या वाफेने ओलसर होतात आणि गार झाल्या की वातड. ज्वारीची भाकरी तव्यावरून ताटात यावी, यातच तिची सगळी मजा. म्हणून पंगती पडतात: 6 ते 8 माणसांची एक. पहिली पंगत बसायच्या आधी दुरडीत 6-7 भाकरी फडक्यात गुंडाळून तयार ठेवायच्या, बाकीच्या तव्यावरून येत राहतात. मुलांना आधी बसवतात ते लाडासाठीच नाही. मुलं अर्धी-पाऊण भाकरी खातात, त्यामुळे त्यांच्या पंगतीत दुरडी रिकामी व्हायच्या ऐवजी भरत जाते आणि पुढच्या मोठ्यांच्या पंगतीला उपयोगी पडते.

दुसरं कारण उष्ट्या हाताचं. आपण उजव्या हाताने जेवतो, आणि तो हात एकदा तोंडाला लागला की पातेल्याला, डावाला, दुरडीला लावायचा नाही. सगळेच जेवायला बसले तर वाढणार कोण? न जेवणारा, स्वच्छ हाताचा एक माणूस पंगतीत लागतोच. तुलासुद्धा जेवताना पाणी घ्यायचं तर डाव्या हाताने, पेल्याला उजवा हात न लावता. तिथे कोणी तुला ओरडणार नाही, पण शेजारी बसलेल्या मोठ्या आईच्या ते लगेच लक्षात येईल.

ताटाचं म्हणशील तर सणाच्या ताटाची मांडणी ठरलेली असते, आणि ती हाताच्या सोयीची आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे जे चिमटीने, थोडं थोडं घ्यायचं ते: लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे जे सारखं लागतं ते: भाजी, आमटीची वाटी. समोर, अगदी आपल्या पुढ्यात भात, पोळी किंवा भाकरी. उजवा हात उजवीकडे सहज जातो, डावीकडे जायला त्याला ताट ओलांडावं लागतं, म्हणून डावीकडचं सगळं कमी लागणारं. कोशिंबिरीचं पाणी सुटून मिठाकडे गेलं की मीठ विरघळतं, म्हणून कोशिंबीर पिळून, मिठापासून लांब वाढायची.

रोजच्या जेवणाला मात्र एवढा थाट नसतो. रोज पितळी असते, उंच काठाची. तिच्यात आमटी ओतायची, भाकरी कुस्करायची आणि वरपायचं. सपाट ताटात हे जमत नाही, आमटी काठावरून वाहते. बरोबर बुक्कीने फोडलेला कांदा आणि शेंगाचटणी. आमटीत भाकरी कुस्करताना सगळी एकदम घालू नकोस. आधी चतकोर घाल, ती आमटी पिऊन फुगते. मग लागेल तशी आणखी. सगळी एकदम टाकलीस तर आमटी संपते आणि हाती कोरडा गोळा उरतो.

शेंगाचटणी तुला आवडते म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर, सालावर काळसर ठिपके येईपर्यंत भाजायचे. मोठ्या आचेवर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात, मग चटणी तुरट लागते. गार झाल्यावर सालं काढायची. उखळात आधी 15-20 लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ आणि दोन चमचे लाल तिखट कुटायचं, मग दाणे घालून घाव घालत राहायचं. उखळात दाणा चेचला जातो, त्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत दाबली तर लाडूसारखी बसते. वरून तेल घालायची गरजच नसते. मिक्सर सलग फिरवला तर दाणे खाली पीठ आणि वर अख्खे राहतात, आणि आणखी फिरवला तर लोणी होतं. मिक्सरशिवाय इलाज नसेल तर एकेक सेकंद फिरवून थांबायचं, मधे चमच्याने खालचं वर करायचं. पाण्याचा थेंब लागता कामा नये. ओला चमचा गेला की चार दिवसांत बुरशी.

आणि कडक भाकरी. पाहुणे अचानक वाढतात, भाकरीला तर वेळ लागतो, त्यावर सोलापूरकडच्या घरांनी काढलेला हा सगळ्यात शहाणा तोडगा आहे असं मला मनापासून वाटतं. भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापतात, भाजून झाल्यावर मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत तिच्यातली ओल पुरती घालवतात. पापडासारखी मोडते ती. हवाबंद डब्यात महिनाभर सहज राहते. ओल राहिली तर मात्र दोन दिवसांत चिवट होते आणि वास येतो. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आलेले नातेवाईक एकेक करून घरी उतरतात, तेव्हा दुरडी रिकामी असली तरी डबा असतो. दही, चटणी आणि कडक भाकरी दिली की पाहुणा तव्याची वाट बघत बसत नाही. आमटी पुरवायची तर तिच्यात गार पाणी ओतत नाहीत, चव पाणचट होते. उकळतं पाणी, थोडं दाण्याचं कूट, मीठ आणि काळं तिखट घालून पुन्हा उकळी आणायची.

आता आजी आणि काकू. कुणीतरी तव्याशी बसायला लागतं आणि कुणीतरी वाढायला, इथपर्यंत भाकरीचा दोष. पण ती दोन माणसं रोज तीच का, याला भाकरी जबाबदार नाही. भाकरी थापणं शिकायला वेळ लागतो, हे खरं. पण वाढायला काय लागतं? पहिल्या पंगतीचे पुरुष हात धुऊन बाहेर जाऊन बसतात, तिथे चूक आहे. शेवटच्या पंगतीला तळाची आमटी, गार भाकरी आणि भाजीचा रस्साच उरतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तू तसं म्हणालीस ते बरोबरच म्हणालीस.

यात तुला करता येण्यासारखं बरंच आहे. भाजी-आमटी पातेल्यातून पंगतीला जायच्या आधीच दोघींच्या वाटणीची दोन झाकणांच्या डब्यांत काढून ठेव. आधी काढलं तरच ते राहतं, नंतर काढू म्हटलं की संपतं. तू मुलांच्या पंगतीत जेवून घे, हात धू, आणि मोठ्यांच्या पंगतीला वाढायला उभी राहा. त्यामुळे काकू मोकळी होऊन मोठ्यांबरोबर बसेल. आजी तव्यावरून उठणार नाही म्हणेल. तिला म्हण, शेवटच्या चार भाकरी मला थापू द्या. त्या बिघडतील, कडा फाटतील, पण तेवढ्यात तिचं गरम जेवण होईल. काकांना आणि दादालाही हाक मार, संकोच करू नकोस. पाणी आणि भाकरी फिरवायला कसलंही कौशल्य लागत नाही.

वाढताना एवढं बघ. पंगतीत समोरून वाढतात, मागून खांद्यावरून नाही. भाकरी अख्खी टाकायच्या आधी विचार, कारण बरेच जण अर्धी किंवा चतकोरच मागतात आणि ताटात पडलेली परत उचलता येत नाही. ताटावर आडवा हात धरला म्हणजे पुरे. तरी आणखी एकदा आग्रह करायचा, तिसऱ्यांदा नाही. डाव ताटाला टेकवू नकोस, वरूनच सोड, नाही तर पातेलं उष्टं होतं. आणि आमटी वाढताना डाव पातेल्याच्या काठावर निथळून घे, थेंब पंगतीभर सांडत नाहीत.

तुझा,
बाबा