दोन वर्षांचं पोरगं खेळणी आवरतच नाही, काय करावं?

आमचं पोट्टं अडीच वर्षांचं आहे, तुमचं दुःख समजते बापा. आधी खेळणीच कमी करा. आम्ही अर्धी दिवाणात भरून ठेवली अन् आठ-दहा दिवसांनी अदलाबदल करतो, जुनंच त्याला नवं वाटते.

'सगळं आवर' म्हटलं तर या वयात काहीच कळत नाही, एका वेळी एकच सांगायचं, 'लाल गाडी टोपलीत टाक', झालं की 'आता बॉल', अन् सोबत खाली बसून तुम्हीपण उचला, सुरुवातीला बहुतेक तुम्हीच उचलाल, चालते. सीताबर्डीवरून दोन बिनझाकणाच्या प्लास्टिकच्या टोपल्या आणल्या, एकीवर गाडीचं चित्र चिकटवलं, दुसरीवर ठोकळ्यांचं, त्याला वाचता येत नाही पण चित्र बरोबर समजते. वेळ रोज तीच, रात्रीच्या जेवणाआधी, झोपेला आलं असेल तर नादच सोडा.

चॉकलेटचं आमिष नका दाखवू, आम्ही दाखवलं तर एक ठोकळा टाकून हात पुढे करून राहिला होता. अन् घरी आजी असेल तर तिलाही सांगून ठेवा, आमच्याकडे 'राहू दे ना, लहान आहे' म्हणून तीच सगळं उचलून टाकते.