पुट्टी भरलेल्या भिंतीला रंगापूर्वी प्रायमर लागतोच का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पंधराएक वर्षे जुन्या फ्लॅटमध्ये नव्या वायरिंगसाठी भिंतींत चर पाडले होते, बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर ओलीने सुटलेला गिलावाही काढून पुन्हा केला. या सर्व जागी पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा लगदा) भरून झाली आहे आणि रंगारी म्हणतो की पुट्टीवर प्रायमरची, म्हणजे रंगाखालच्या अस्तराची, गरज नाही, थेट प्लास्टिक इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात मारले की काम झाले. त्याचे ऐकावे का, आणि प्रायमर लावायचाच असेल तर भरलेल्या जागांपुरता लावावा की पूर्ण भिंतीला?

रंगाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी स्वच्छ, घट्ट गिलाव्यावर प्रायमरशिवाय धरते. किंबहुना तिला खाली पाण्याचा हात फिरवलेला, किंचित ओलसर पृष्ठभागच हवा असतो. मात्र पुट्टीच्या खाली प्रायमर लागत नाही, यावरून तो वरही लागत नाही असे ठरत नाही. माझ्या मते प्रायमर लावावाच, आणि ज्या भिंतीवर दुरुस्ती झाली आहे ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण घ्यावी.

याचे कारण आपल्याला घरबसल्या पाहता येईल. बोटे पाण्यात बुडवून भिंतीवर असे शिंतोडे उडवा की काही थेंब जुन्या रंगावर पडतील आणि काही घासलेल्या पुट्टीवर. जुन्या रंगावरचा थेंब तसाच ओघळत खाली येतो. पुट्टीवरचा थेंब मात्र पाहता पाहता आत जिरतो आणि मागे फक्त एक गडद ठिपका राहतो. रंगाचेही नेमके असेच होते. इमल्शनमधील पाणी आणि त्यासोबत रंगाला धरून ठेवणारा चिकट घटक पुट्टी ओढून घेते, त्यामुळे तेवढ्या भागावरचा थर निस्तेज आणि कमकुवत होतो, तर शेजारच्या जुन्या रंगावर तोच रंग आपली चकाकी राखून वाळतो. समोरून पाहिले तर फरक कळतही नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की चराची रेघ छतापासून स्विचबोर्डापर्यंत स्पष्ट दिसते. मग रंग वाईट निघाला असे आपण म्हणतो आणि तिसरा हात मारतो. त्याने छटा जुळली तरी चकाकीतील फरक बऱ्याचदा तसाच राहतो.

आता प्रायमरच्या आधीच्या तयारीविषयी, कारण खरा वेळ तिथेच जातो आणि तिथेच वाचवलाही जातो.

पहिली गोष्ट म्हणजे ओल. बाथरूमकडील भिंतीत पाणी कुठून येत होते हे सापडून ते थांबले नसेल, तर रंगाचा विचार सध्या बाजूला ठेवावा. थांबले असेल तरी नवा गिलावा वरून कोरडा दिसतो म्हणून आत कोरडा असतो असे नाही. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक दिवस ठेवावा. काढताना त्याच्या भिंतीकडील बाजूस दव जमलेले दिसले किंवा भिंत गडद झालेली दिसली, तर अजून थांबावे. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला साधारण २८ दिवस द्यावेत, आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, त्याहून अधिक. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुण्याचा मोह टाळावा, कारण पाण्यात क्षार विरघळतात, पुन्हा भिंतीत जातात आणि काही दिवसांनी पुन्हा बाहेर येतात.

दुसरे, चर कशाने भरला आहे ते पाहावे. पुट्टी हा पातळ थराचा माल आहे. तो एका हाताला मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीपर्यंतच ठीक. इंचभर खोल चर पुट्टीनेच भरला असेल तर तो आकसून कडेला केसासारखी भेग पाडणार. अशी जागा बोटाने ठोकून पाहावी; पोकळ आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज रुतले तर ती खरवडून आधी मसाल्याने (वाळू-सिमेंटच्या मिश्रणाने) भरून घ्यावी, जुन्या-नव्या सांध्यावर जाळी द्यावी आणि मगच पुट्टी ओढावी. आपल्या भिंती वाळू-सिमेंटच्या आहेत की जिप्समच्या, हेही याच वेळी कळेल : ओरखड्यातून करकरीत राखाडी वाळू निघाली तर सिमेंट, मऊ पांढरी भुकटी निघाली तर जिप्सम. जिप्समच्या भिंतीत जिप्समच भरावे. आणि ओल येणाऱ्या भिंतीवर जिप्सम किंवा पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) मुळीच वापरू नये, कारण पाणी लागले की ते मऊ पडते.

तिसरे म्हणजे कडा. पुट्टी चराच्या रुंदीपुरती थांबवली की उंचवटा राहतो, आणि प्रायमर उंचवटा झाकत नाही. पुट्टी ओढायच्या रुंद पत्र्याने दोन्ही बाजूंना वीतभर पुढे नेऊन ती जुन्या रंगात विरवावी लागते. मात्र त्या पट्ट्यातला जुना रंग सुटा नसावा. तळहात फिरवल्यावर पांढरी पूड लागली तर तो चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. त्यावर ओढलेली पुट्टी आज ना उद्या पोपड्यासह खाली येईल, म्हणून तो खरवडणे भाग आहे. स्वयंपाकघरात ऑइल पेंट असेल तर आधी तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, सँडपेपर मारून चकाकी घालवावी. घरगुती रंगांतील विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आपल्या घरचा ऑइल पेंट त्याआधीचा असेल, तर तो कोरडा न घासता वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या सँडपेपरने) ओला घासावा आणि त्या वेळी लहान मुलांना घरात ठेवू नये.

पुट्टी रात्रभर वाळल्यावर १८० आणि मग २२० नंबरचा पेपर, तोही सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, मारावा. नुसत्या हाताने घासले की बोटांच्या जागी खड्डे पडतात. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून धरला की प्रत्येक लाट दिसते. रंगाऱ्यांना ही तपासणी फारशी आवडत नाही, पण करावी. नंतर धूळ झाडून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावी. हे राहिले तर प्रायमर भिंतीला न धरता धुळीला धरतो.

प्रायमर कोणता घ्यावा, याचे उत्तर सोपे आहे : आतल्या भिंतींसाठी पाण्यात मिसळणारा. त्यात डब्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी घालावे. बादलीत अंदाजाने ओतलेले पाणी हे प्रायमर निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे मत आहे. अपवाद गळतीच्या पिवळ्या-तपकिरी डागांचा आणि तेलकट डागांचा. ते पाण्याच्या प्रायमरमधून वर येतात, म्हणून भिंत पूर्ण वाळल्यावर त्या जागी टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा प्रायमर लावावा. तो ताज्या सिमेंटवर मात्र लावू नये, कारण सिमेंटच्या अल्कलीमुळे त्यातील तेलाचा अंश बिघडतो आणि थर चिकट होऊन सुटतो.

लावताना आधी भरलेल्या जागांवर ब्रशने एक हात द्यावा, तो वाळला की रोलरने पूर्ण भिंतीला दुसरा. एक लिटर प्रायमर एका हाताला साधारण १०० ते १२० चौरस फूट पुरतो; म्हणजे बारा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीला लिटरभर लागेल. भिंत एकसारखी पांढरी झाली की आजवर न दिसलेली छिद्रे आणि ओरखडे समोर येतात. रंगारी तिथे पुन्हा पुट्टीचे टचिंग करतो, घासतो आणि सरळ रंगाला लागतो. हे टचिंगचे ठिपके म्हणजे पुन्हा उघडी, तहानलेली पुट्टीच असते. त्यांना प्रायमरचा हात द्यायला लावावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण समोर उभे राहिल्याशिवाय होत नाही.

ज्या भिंतींना हातच लागलेला नाही, जुना रंग घट्ट आहे आणि नवी छटा जवळपास तीच आहे, तिथे प्रायमरवर खर्च करू नका. हलका पेपर मारून, पुसून थेट इमल्शनचे दोन हात पुरतात, आणि तेवढ्यापुरते आपल्या रंगाऱ्याचे म्हणणे मान्य करायला हरकत नाही.