वाचकांचे प्रश्न : कुंडीतला नाताळवृक्ष

प्रश्न : इतकी वर्षे आम्ही प्लॅस्टिकचे झाड सजवत आलो, यंदा मुलांना जिवंत ख्रिसमस ट्री हवे आहे. नर्सरीत याच नावाने तीन वेगवेगळी रोपे दाखवली. आमच्या हवेत कोणते टिकेल आणि सणानंतर त्याचे काय करावे?
– एक वाचक, वसई

उत्तर : आपल्याला दाखवलेली रोपे बहुधा अरोकेरिया, मोरपंखी आणि गोल्डक्रेस्ट यांची असावीत. युरोपात नाताळला घरात आणतात ते स्प्रूस आणि फर वृक्ष थंड प्रदेशातले असल्यामुळे आपल्या किनाऱ्यावर जगत नाहीत, म्हणून त्यांच्यासारखी दिसणारी ही झाडे येथे विकली जातात. गोल्डक्रेस्ट तिघांत देखणे आहे आणि त्याची पिवळसर पाने चुरगळली की लिंबासारखा वास येतो. परंतु त्याचे मूळ कॅलिफोर्नियाच्या थंड, धुकट किनाऱ्यावर असून वसईचा मे महिना आणि त्यामागून येणारा मुसळधार पाऊस त्याला सहसा सोसत नाही. जे झाड वर्षभरही टिकण्याची शक्यता नाही, ते मुलांच्या हाती देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोरपंखी चिवट आहे, पण तिला भरपूर ऊन लागते आणि तिच्या दाट, उभ्या फांद्यांवर चांदण्या टांगायला जागा मिळत नाही.

आपण अरोकेरियाच घ्यावे. त्याच्या दोन जाती आपल्याकडे मिळतात, एक नॉरफोक बेटावरची आणि दुसरी न्यू कॅलेडोनियातली. कॅप्टन कुकच्या जहाजाने १७७४ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरातील या दोन्ही ठिकाणी हे सरळसोट वृक्ष पाहिले होते. बेटांवर वाढणारा वृक्ष असल्यामुळे तो खारे वारे सोसतो आणि आडव्या फांद्यांचे एकावर एक मजले असल्यामुळे सजावटही छान दिसते.

रोप निवडताना उंचीपेक्षा शेंडा पाहावा. शेंडा मोडलेला असेल, तर झाडाचा सरळ, निमुळता डौल सहसा परत येत नाही. त्यानंतर खोड हलकेच धरून हलवून पाहावे. ते मातीत डगमगत असेल, तर विक्रीसाठी नुकतेच उपटून कुंडीत खोचलेले असण्याची शंका घ्यावी. पानांवर पांढरा रंग किंवा चमकी फवारलेले रोप घेऊ नये, कारण त्या थराखाली पानांना पुरेसा प्रकाश मिळत नाही.

रोप शक्य तर नाताळच्या दोन-तीन आठवडे आधी आणून प्रथम सावलीच्या ओट्यावर व मग घरात ठेवावे. घरात त्याची जागा उजेडाच्या खिडकीजवळ असावी, पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतात नसावी, आणि झाड एका बाजूला झुकू नये म्हणून कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवावी. वरची बोटभर माती कोरडी झाली की पाणी द्यावे व बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. कुंडीतली अरोकेरियाची झाडे तहानेने मरतात त्यापेक्षा मुळे कुजून अधिक मरतात, असा माझा अनुभव आहे. दिव्यांची माळ एलईडीचीच लावावी आणि जड गोळे कोवळ्या टोकांना बांधू नयेत.

तीन राजांचा सण (६ जानेवारी) झाला की सजावट उतरवून कुंडी बाहेर न्यावी, परंतु एकदम कडक उन्हात ठेवू नये, पाने करपतात. आधी सावली, मग सकाळचे ऊन, अशी सवय लावावी. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाला थोडी मोठी कुंडी आणि निचरा होणारी माती द्यावी. जमिनीत लावण्याचा विचार असेल, तर हा वृक्ष अनेक मजली इमारतीएवढा वाढतो हे लक्षात ठेवून घर आणि विजेच्या तारा यांपासून पुरेसे लांब लावावा. शहरी भागात मोठे झालेले झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, त्यामुळे जागेचा निर्णय आजच नीट घेतलेला बरा.

प्रश्न : गेल्या वर्षी आणलेल्या अरोकेरियाच्या खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळल्या. शेंडा छाटला तर खालून नवी फूट येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येणार नाही. गळलेल्या मजल्यावर पुन्हा फांद्या येत नाहीत आणि शेंडा छाटल्यास उरलेला आकारही बिघडेल. कमी उजेड, पाण्याची हेळसांड किंवा कोरडी हवा ही याची नेहमीची कारणे असून त्यांपैकी आपल्या घरात कोणते लागू पडते ते पाहावे. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाचे तेल सौम्य करून फवारावे.

प्रश्न : आम्ही सुरूची फांदी आणून सजवतो. ती ताजी कशी ठेवावी?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : बुडखा तिरपा कापून फांदी ओल्या वाळूच्या बादलीत रोवावी व वाळू रोज भिजवावी. वाळलेली सुरू चटकन पेटते, म्हणून मेणबत्त्या दूर ठेवाव्यात. फांदी मात्र खाजगी वाडीतल्या झाडाची, मालकाला विचारूनच घ्यावी. किनाऱ्यावरची सुरूची बने वारा आणि उडती वाळू अडवण्यासाठी लावलेली असतात, तेथून तोडू नये.